‘सायलेन्सर’ची कॅसेट

पप्पा ‘डायपर’वर अडले होते.

नगरपालिकेला घंटागाडीच्या गाण्यात डायपरवर एक कडवं वाढवून हवं होतं. लोक डायपर ओल्या कचऱ्यात टाकत होते आणि आरोग्य निरीक्षक कोगनोळेसाहेबांच्या मते याला गाणंच जबाबदार होतं, कारण गाण्यात तसं कुठं म्हटलेलंच नव्हतं. त्यामुळे पप्पा दुकानाच्या मागच्या खोलीत, भिंतींना ठोकलेल्या गाद्यांच्या मधोमध, माइकसमोर उभे राहून यमक शोधत होते.

“वायपर,” मी म्हणालो.

“घंटागाडीला वायपर कुठाय?”

“पुढच्या काचेला.”

“असू दे. पण लोकांनी त्याचं करायचं काय?”

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि उत्तर नसण्याची मला सवय झाली होती.

आमच्या दुकानाचं नाव ‘जिम्मी साउंड’. रिक्षावर भोंगा लावून गावभर जे फिरतं ते सगळं आम्ही भरून द्यायचो. उद्या पाणी येणार नाही, साड्यांचा महासेल, म्हैस हरवली आहे, अमुक यांचे दुःखद निधन. गावात कोण गेलं हे यमाच्या खालोखाल आम्हाला कळायचं. गावाचं नाव मी सांगत नाही, कारण नगरपालिका अजून तीच आहे. मिरजेपासून लांब नाही, एवढं पुरे.

घंटागाडीचं गाणं पप्पांनीच लिहिलेलं आणि गायलेलं. “ताई माई उठा, डबा घेऊन या, ओला इकडे, सुका तिकडे, वेगळा वेगळा द्या.” पप्पांचा आवाज बारीक, उंच, सुईसारखा. बंद दारातून आत शिरायचा, गादीवरच्या माणसाला टोचायचा. रोज सकाळी सगळं गाव त्या आवाजानं उठायचं, आणि तो कुणाचा आहे हे कुणी विचारायचं नाही. घंटागाडीवर कोण गातं हे कोण विचारणार? माणूस डबा घेऊन पळत असतो.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, “एक्सक्यूज मी, जिम्मी शिरगुप्पे सर इथेच असतात का?”

पप्पांनी माइक बंद केला. “बघ रे अक्या. वर्गणी असेल तर मी गावाला गेलोय.”

बाहेर एक पोरगा उभा होता. एप्रिलमध्ये लोकरीची टोपी. त्याच्या मागे अजून दोघं, तेही टोप्यांत. मला वाटलं हिमालयात जाताना वाट चुकलीत.

“मी कैवल्य देशिंगकर. पुण्याहून. आम्ही ‘सायलेन्सर’साठी आलोय.”

“गॅरेज पलीकडं आहे,” मी म्हणालो.

“नाही, नाही. ‘सायलेन्सर’. अल्बम.” आणि तो माझ्या खांद्यावरून आत बघायला लागला. आत पप्पा बनियनवर उभे होते, हातात डायपरचा कागद. कैवल्यचे डोळे भरून आले. मी खोटं सांगत नाही. बनियन बघून रडलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

आता ‘सायलेन्सर’चं सांगायला हवं.

माझ्या जन्माआधी पप्पा पॉपस्टार होते. जिनेंद्र शिरगुप्पेचा जिम्मी झाला, भर मे महिन्यात काळं लेदर जॅकेट घालून फिरायला लागला आणि त्याच्या पहिल्या दोन कॅसेटी कोल्हापूर-सांगली पट्ट्यात चहाच्या गाड्यावर, जीपमध्ये, लग्नात, सगळीकडे वाजल्या. मग एका निर्मात्यानं त्यालाच हिरो करून सिनेमा काढला. ‘सायलेन्सर’. हिरो मोटरसायकल मेकॅनिक. गाणी सगळी पप्पांची, चाली पप्पांच्या, आवाज पप्पांचा. सगळी उडती गाणी. त्यातलं मुख्य गाणं ‘गॅलरीत तू, गल्लीत मी’. आई त्यात कोरसला होती. कोरसला चार मुली होत्या आणि पप्पांनी चौघींनाही विचारलं होतं असं आई म्हणते, पण ते असो.

सिनेमा मॅटिनीला लागला आणि मॅटिनीलाच उतरला. त्याचं पप्पांना दुःख नव्हतं. त्यांची खरी मदार कॅसेटवर होती. आणि कॅसेट जिथं भरल्या जायच्या त्या कंपनीत, ज्या मशिनवर मूळ रीळ फिरायचं, त्या मशिनचा पट्टा सैल झाला होता. रीळ हळू फिरलं. जितक्या कॅसेटी निघाल्या तितक्या सगळ्या हळू आणि जाड निघाल्या. पप्पांचा सुईसारखा आवाज कॅसेटमध्ये नांगरासारखा झाला. उडती गाणी अंत्ययात्रेला निघाली.

पप्पा धावत कंपनीत गेले. मालक शांतपणे म्हणाला, “जिम्मीशेठ, घाबरू नका. लोकांचे टेपरेकॉर्डर फास्टच चालतात. घरी गेल्यावर बरोबर होईल.”

झालं नाही. कोल्हापूरच्या एका दैनिकात समीक्षक भालचंद्र इंगवले यांनी लिहिलं, ‘नायक प्रेमात पडला आहे की आजारी पडला आहे, हे गाण्यांवरून कळत नाही.’ हे वाक्य पप्पांना पाठ आहे. ते कधीकधी जेवताना म्हणतात.

उरलेल्या कॅसेटी पोत्यांनी घरी आल्या. त्या शेवटी माझ्या भूपालमामानं नेल्या. मामाची तासगावकडं द्राक्षबाग आहे. कॅसेट फोडून आतली फीत ओळीओळींवर ताणून बांधली की ती वाऱ्यात फडफडते, उन्हात चमकते, गुणगुणते, आणि पाखरं घाबरून मण्यांना चोच लावत नाहीत. मामानं शेजाऱ्यांना दिल्या, शेजाऱ्यांनी पाहुण्यांना. पप्पांचा अल्बम सगळ्यात जास्त चालला तो तासगावच्या बागांत. “रिझल्ट एक नंबर, दाजी,” मामा दरवर्षी सांगायचा. “एक पाखरू फिरकंना.”

पप्पा मान हलवायचे.

मूळ रीळ मात्र त्यांनी जपलं होतं. दुकानात एक जुनं रीळ-मशिन होतं. दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची, त्या मशिनला झेंडूचा हार घालायचा, आणि मग पप्पा ते रीळ एकदा, एकदाच, वाजवायचे. फीत झिजू नये म्हणून वर्षातून एकदा. मी लहानपणापासून ‘सायलेन्सर’ असाच ऐकला. बरोबर स्पीडला, आपट्याच्या पानांसोबत. पप्पांचा बारीक आवाज गल्लीतून गॅलरीत उड्या मारत जायचा. आई स्वयंपाकघरातून कोरस द्यायची. मग पप्पा रीळ डब्यात ठेवून म्हणायचे, “हे लोकांनी एकदा ऐकायला पाहिजे होतं. एकदा. मग दगड मारू देत.”

एवढंच त्यांचं म्हणणं होतं. बाकी माणूस घंटागाडीतही सुखी होता.

कैवल्यनं खुर्चीवर बसून फोन काढला आणि आम्हाला दाखवलं. आम्हाला काहीच माहीत नव्हतं. कुणीतरी जुन्या बाजारातून ‘सायलेन्सर’ची कॅसेट उचलली होती, इंटरनेटवर चढवली होती, आणि पोरं वेडी झाली होती. ब्रेकअप झालेली पोरं, पावसात खिडकीत बसलेली पोरं, हॉस्टेलच्या गच्चीवर चहा पिणारी पोरं. सगळ्यांच्या मागे पप्पा. जाड, हळू, खोल. ‘गॅलरीत… तूऽऽ… गल्लीत… मीऽऽ…’ जणू तिची गॅलरी पाडली आहे आणि हा ढिगारा उपसतोय.

“सर, हे तुम्ही त्या काळात केलंय,” कैवल्य म्हणाला. “सगळं जग फास्ट जात असताना तुम्ही स्लो झालात. एवढं धाडस कुठून आलं?”

“पट्टा सैल होता,” पप्पा म्हणाले.

कैवल्यनं हे वहीत लिहून घेतलं. त्याला त्यात काहीतरी खोल दिसलं असावं.

कार्यक्रम ठरला. आमच्याच गावात, कॉलेजच्या मैदानावर. ‘सायलेन्सर’ अख्खा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, वाद्यवृंदासह. पुण्या-मुंबईहून पोरं येणार होती. पप्पांनी एकच अट घातली.

“माझ्या आवाजात. माझ्या स्पीडला.”

“ऑफकोर्स, सर. शो तुमचा आहे.”

पप्पांनी त्या दिवशी दसरा नसताना मशिनला हार घातला आणि रीळ लावलं. कैवल्य डोळे मिटून ऐकत राहिला. त्याच्या मागच्या दोन्ही टोप्या एकमेकांकडे बघत होत्या. गाणं संपलं.

“इंटरेस्टिंग,” कैवल्य म्हणाला.

पप्पा खूश झाले. त्यांनी त्याला चहा दोनदा पाजला. पुण्याच्या माणसाला पसंत नसलं की तो ‘इंटरेस्टिंग’ म्हणतो, हे मला माहीत होतं, कारण माझा एक प्रोजेक्ट गाइड पुण्याचा होता. मी कप उचलून विसळायला गेलो.

तालमीत गडबड सुरू झाली. वाद्यवृंदातली पोरं कॅसेटवरून बसवून आली होती. पप्पा सुरू झाले की पप्पा पुढं आणि ड्रम मागं, जणू एकाला एसटी मिळाली आणि दुसऱ्याला नाही.

“सर, जरा खाली घेता येईल का? त्या व्हॉइसमध्ये?”

“कुठल्या?”

“ओरिजिनल.”

“हाच ओरिजिनल आहे, बाळा.”

कैवल्यनं टोपी काढली. आत केस नव्हते फारसे. तो एकदम माणूस दिसायला लागला. “सर, मला कळतंय. खरंच. पण लोक त्या आवाजासाठी येतायत. माझी आई आजारी होती ना, तेव्हा मी रोज रात्री तोच ऐकायचो. तो आवाज नसता तर…” तो थांबला. “तो तुमचाच आहे, सर.”

पप्पांनी माइकची वायर गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, “पहिलं गाणं माझ्या स्पीडला. बाकी तुझ्या. चालेल?”

“चालेल, सर. एक्सपेरिमेंट म्हणून.”

घरी आल्यावर आई म्हणाली, “एकच गाणं?”

“एक बास होतंय. पहिलं ऐकलं की तेच म्हणतील, पुढचंही असंच होऊ दे.” पप्पांनी कपाटातून लेदर जॅकेट काढलं. ते पोटावर बसेना. आईनं बाजूच्या शिवणी उसवून आत काळ्या छत्रीचं कापड लावून दिलं. समोरून काही कळत नव्हतं. पाऊस आला असता तरी चाललं असतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदान भरलं. पुढं गावातली माणसं, कारण गावातल्या माणसांना फुकट पास दिले होते आणि ती चार वाजल्यापासून येऊन बसली होती. मागं बाहेरची पोरं, उभी. कोगनोळेसाहेब सपत्नीक. भूपालमामा द्राक्षांची पेटी घेऊन. मी आईसोबत तिसऱ्या रांगेत. आईनं कोरसच्या वेळची साडी नेसली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

दिवे गेले. एकच झोत. पप्पा आले. मागची पोरं ओरडली, “जिम्मी! जिम्मी!” माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करायला हरकत नाही. पप्पांनी हात वर केला, सगळं शांत झालं, आणि पप्पा गायला लागले.

बरोबर स्पीडला. खणखणीत. त्या वयात एक सूर इकडचा तिकडं नाही. दसऱ्याच्या दिवसासारखं. ‘गॅलरीत तू, गल्लीत मी, मधे उभी म्हातारी…’ आवाज सुईसारखा निघाला आणि मैदानाच्या टोकापर्यंत गेला.

पुढच्या रांगेतल्या एक बाई झटकन उठून उभ्या राहिल्या.

इकडं तिकडं बघितलं. हात आपोआप खाली गेला, डबा उचलायला. डबा नव्हता. त्या ओशाळून खाली बसल्या. तोवर शेजारच्यानं वळून बघितलं, त्याच्या शेजारच्यानं बघितलं, आणि गावातली सगळी डोकी एकदम एकमेकांकडं वळली. तो आवाज त्यांना ओळखीचा होता. रोज सकाळचा.

“आयला,” आमच्या मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “घंटागाडी आली रे!”

मैदान फुटलं. हसणं म्हणजे नुसतं हसणं नाही. माणसं पोट धरून खुर्च्यांवरून घसरत होती. एकानं तोंडानं घंटा वाजवली. दुसऱ्यानं विचारलं, “ओला कुठं टाकू?” बाहेरच्या पोरांना काही कळेना, मग गावातल्यांनी त्यांना समजावून सांगितलं, मग तीही हसली. कोगनोळेसाहेब आधी गंभीर होते, पण बायको हसली तसे तेही हसले. लेदर जॅकेटमधला माणूस गातच होता. पूर्ण कडवं. दुसरंही. एक सूर इकडचा तिकडं नाही.

आई हसत नव्हती. ती ओठ हलवत होती. माझ्या लक्षात आलं, ती कोरस देत होती.

तिसऱ्या कडव्याला कैवल्यनं कुणाला तरी खूण केली. वाद्यवृंद थांबला आणि मोठ्या स्पीकरमधून कॅसेट सुरू झाली. जाड, हळू, खोल. ‘गॅलरीत… तूऽऽ…’

हसणं एका क्षणात गेलं. मागं मोबाइलचे दिवे लागले, मैदानभर, डोलायला लागले. एक मुलगी मैत्रिणीच्या गळ्यात पडून रडत होती. आणि पप्पा माइक तोंडाशी धरून उभे होते. त्यांचा माइक बंद केलेला होता. मग त्यांनी तोंड हलवायला सुरुवात केली. हळूहळू. त्या जाड आवाजाच्या मापानं. एकेक अक्षर ओठांनी पकडत, जणू तोंडात दुसऱ्याची कवळी आहे.

अख्खा अल्बम तसाच झाला. पप्पांचं तोंड एकदाही चुकलं नाही.

शेवटी समीक्षक इंगवले यांच्या हस्ते शाल. ते आता म्हातारे झाले होते, त्यांना दोघांनी धरून आणलं. ते माइकवर म्हणाले, “प्रेम हाच एक आजार आहे, हे शिरगुप्पे यांनी तेव्हाच ओळखलं होतं. आम्हाला कळलं नाही. ‘सायलेन्सर’ हा काळाच्या पुढचा अल्बम आहे.” टाळ्या. मग माइक पप्पांपुढं धरला. पप्पा ‘धन्यवाद’ म्हणणार होते, मी त्यांचं तोंड उघडलेलं बघितलं. त्यांनी मैदानाकडं बघितलं. तोंड मिटलं. हात जोडले.

पेपरात आलं, ‘अबोल कलावंत.’

परत येताना रिक्षात भूपालमामा पुढं ड्रायव्हरच्या शेजारी बसला होता. न राहवून म्हणाला, “दाजी, पण पाखरं का भ्यायची ते आज कळलं. लाइटा लावून बघत हुती की माणसं.” त्याला काय म्हणायचं होतं ते मला अजून कळलेलं नाही. पण कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तो बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली. ताई माई उठा. आईनं डबा उचलला. पप्पा म्हणाले, “राहू दे, मी जातो.” ते डबा घेऊन गेले. गल्लीतली पोरं घंटागाडीच्या मागे नाचत होती आणि “जिम्मी! जिम्मी!” ओरडत होती.

त्यानंतर सगळं फार चांगलं झालं. कैवल्यनं एका कंपनीकडून ‘सायलेन्सर’ पुन्हा काढला, मोठी काळी तबकडी, आत पप्पांचा बनियनवरचा फोटो. वर लिहिलं होतं, ‘मूळ आवृत्ती.’ मूळ म्हणजे सैल पट्ट्याची. पप्पांनी रीळ पाठवू का विचारलं, तर कैवल्य फोनवर म्हणाला, “नको सर, कन्फ्यूजन होईल.” तो मनानं वाईट नव्हता. दिवाळीला अजून फोन करतो.

कोगनोळेसाहेबही आले. “शिरगुप्पे, तुम्ही एवढे मोठे कलाकार, आम्हाला ठाऊकच नाही. घंटागाडीचं गाणं आता त्या आवाजात करून द्या. तुमच्या खऱ्या.”

“तो माझा खरा नाही, साहेब.”

“असं कसं? अख्ख्या महाराष्ट्राला माहितीय.”

पप्पांनी कॉम्प्युटरवर गाणं हळू केलं. डायपरसकट. माझं ‘वायपर’ शेवटी त्यांनी घेतलं होतं. गाणं इतकं जाड आणि संथ झालं की ‘ताईऽऽ… माईऽऽ…’ म्हणेपर्यंत गाडी पुढच्या गल्लीत. लोकांना वाटायचं अजून वेळ आहे. मग माणसं डबे घेऊन दारात उभी राहायची आणि लांबून पप्पांचं ‘उऽऽठा’ ऐकू यायचं. कोपऱ्याकोपऱ्यावर कचरा साठला. पण तक्रार कुणी केली नाही. आमच्या गावच्या घंटागाडीवरही मोबाइलवरची रील्स निघाली. कचऱ्याच्या ढिगाशेजारी उभं राहून पोरं डोळे पुसायची.

पप्पांचा आवाज आता कुठंच वाजत नव्हता. घरातही ते कमी बोलायला लागले, आणि बोलले तर खालच्या पट्टीत. दुकानात गिऱ्हाईक यायचं ते कॅसेटमधला जाड आवाज ऐकायला. कुणी वारलं तर घरचे म्हणायचे, “त्या आवाजात द्या हं, जिम्मीशेठ. ते गेलेल्याला शोभतं.”

डिसेंबरात भूपालमामा आला. बागेत मणी गोड व्हायला लागले होते आणि पाखरांचा त्रास सुरू झाला होता.

“दाजी, फीत हाय का वो एखादी? जुन्या सगळ्या झिजल्या. बाजारात कॅसेटच मिळंना. तुमच्या त्या ‘सायलेन्सर’ला तर आता सोन्याचा भाव आलाय म्हणं.”

पप्पा उठले. कपाट उघडलं, डबा काढला आणि मामाच्या हातात दिला.

मी म्हणालो, “पप्पा, ते मूळ रीळ आहे.”

“माहिती आहे मला.”

“निदान कॉम्प्युटरवर तरी घेतो. दहा मिनिटं लागतील.”

“कुणासाठी?” पप्पांनी खालच्या पट्टीत विचारलं.

मी आईकडं बघितलं. आई मेथी निवडत होती. ती मेथीच निवडत राहिली.

मामा रीळ घेऊन गेला. त्या वर्षी दसऱ्याला पप्पांनी मशिनला हार घातला होता, पण रीळ लावलं नव्हतं; तो हार वाळून तसाच राहिला होता. पप्पांनी तो काढून ओल्या कचऱ्यात टाकला.

आठवड्यानं मामाचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, आम्ही जेवत होतो.

“दाजी, ही फीत काय कामाची न्हाई वो.”

“का?”

“लई रुंद हाय. चमकंना, फडफडंना. पाखरं भ्यायची सोडून तिच्यावरच येऊन बसायलीत. सकाळधरनं नुसती रांग लागलीया. खात न्हाईत, उडत न्हाईत, नुसती बसत्यात. असं कसं वो?”

पप्पांनी घास खाली ठेवला. कित्येक महिन्यांनी त्यांचा तो बारीक, उंच, सुईसारखा आवाज घरात वाजला.

“बसणारच,” पप्पा म्हणाले. “बरोबर स्पीडची आहे.”